केईएफ एलएस५० मेटा पुण्याच्या हॉलमध्ये: स्पीकर उत्तम, बाकीचा खर्च वेगळा

केईएफ कंपनीच्या एलएस५० मेटा स्पीकरची जोडी लाखाच्या पुढे जाते, आणि दुकानात झकास वाटलेली हीच जोडी घरी आल्यावर बऱ्याच जणांना पातळ वाटते. दोष स्पीकरचा क्वचितच असतो. अशक्त ॲम्प्लिफायर, विट्रिफाइड टाइल्सचा उघडाबोडका हॉल आणि अर्थिंगचा पत्ता नसलेलं सॉकेट, या तिघांत तो वाटलेला असतो. म्हणून स्पीकरबरोबर त्याच्यामागच्या भिंतीतली वायरही इथे तपासू.

मूळ एलएस५० आला २०१२ मध्ये, कंपनीच्या पन्नाशीनिमित्त. मेटा ही २०२० ची सुधारित आवृत्ती. सव्वापाच इंची कोनच्या (खालचे स्वर काढणाऱ्या पडद्याच्या) बरोबर मध्यभागी ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, बसवलाय, त्यामुळे खालचे-वरचे स्वर एकाच ठिकाणाहून येतात. ट्वीटरच्या पाठीमागे वेगवेगळ्या लांबीच्या वळणदार नळ्यांची चकती आहे. मागे जाणारा आवाज ती शोषून घेते, परत पुढे येऊ देत नाही. याचा फायदा तानपुऱ्यात लगेच कळतो. जवारीची झणझण गायकाच्या आवाजाखाली दबत नाही, आणि हार्मोनियम त्यात मिसळून चिखल होत नाही. सोफ्यावर थोडं सरकून बसलं तरी आवाजाचा पोत तोच राहतो. शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या घरासाठी या आकारात याहून सरस जोडी सुचवणं कठीण आहे.

खर्जात मात्र मर्यादा आहे. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे ±३ डेसिबलच्या आत, म्हणजे आवाज फार कमी-जास्त न होता, हा स्पीकर ७९ हर्ट्झपर्यंतच उतरतो. डग्ग्याचा घिस्सा नीट समजतो, पण पखवाजाची थाप छातीपर्यंत येत नाही. गणपतीतला ढोल घरात हवा असेल तर सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर, घ्यावाच लागेल. आवाज वाढवून ती कसर भरायला गेलात तर छोटा कोन बिचारा पुढेमागे पळतो आणि त्याच कोनच्या मधोमध बसलेल्या ट्वीटरचा आवाजही गढूळ होतो.

ॲम्प्लिफायरचं गणित करूनच घ्या. संवेदनशीलता ८५ डेसिबल, म्हणजे साधारण १ वॅटला १ मीटरवर इतका आवाज. अडीच मीटरवर बसलात तर सुमारे ८ डेसिबल घटतात, दोन स्पीकरचे ३ वाढतात, उरले ८०. खोलीच्या भिंती थोडी मदत करतात ती बोनस समजा. तबल्याचा कडक ठेका १०० डेसिबलपर्यंत जाऊ द्यायचा तर आणखी २० डेसिबल लागतात, म्हणजे १०० वॅट. खोलीची मदत धरली तरी ५० च्या खाली उतरू नका. शिवाय कागदावर ८ ओहम लिहिलं असलं तरी रोध काही ठिकाणी साडेतीनपर्यंत खाली येतो. तेव्हा '४ ओहमला किती वॅट?' हे दुकानदाराला विचारा. उत्तर ८ ओहमच्या आकड्याच्या दीडपटीपेक्षा कमी आलं तर पुढचं दुकान. जुन्या २०-२५ वॅटच्या रिसीव्हरवर ही जोडी लावून तिला नावं ठेवू नयेत.

आता हॉल. दोन बीएचकेमधला १५ बाय १० फुटांचा हॉल आणि साडेनऊ फूट उंची धरली, तर लांबीचा अनुनाद (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते तो) ३७-३८ हर्ट्झला, रुंदीचा ५६ ला आणि उंचीचा ५९ च्या आसपास येतो. शेवटचे दोन एकमेकांना चिकटलेले आहेत, त्यामुळे सबवूफर लावल्यावर तिथे घुमतं. सबवूफर कोपऱ्यात न ठेवता भिंतीच्या मध्याकडे सरकवत जा. स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात कोंबू नका, पोर्ट (हवा आत-बाहेर करणारं भोक) मागे आहे. मागच्या भिंतीपासून ५० सेंमीपासून सुरुवात करा. तेवढी जागा नसेल तर सोबत आलेला फोमचा बूच पोर्टमध्ये घाला. सोफ्यावर कान ९०-९५ सेंमीवर असतात. ६० ते ७५ सेंमीचा लोखंडी स्टँड कोणताही फॅब्रिकेटर करून देतो. चौकोनी पाइपमध्ये कोरडी वाळू भरून घ्या, नाहीतर पाइप स्वतःच वाजतो. समोर जाड सतरंजी आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यानेच वरच्या पट्टीतला कर्कशपणा बराच जातो.

स्पीकरची वायर तापकीर गल्लीतली २.५ चौरस मिमीची तांब्याची दोन कोअर पुरते, पाच-सहा मीटरला ती भरपूर आहे. जोडल्यावर एकट्या गायकाचं रेकॉर्डिंग लावा. आवाज मधोमध न येता इकडेतिकडे विखुरला आणि खर्ज गायब झाला, तर एका बाजूचे लाल-काळे उलटे लागलेत.

विजेवर पैसे इथपर्यंत सगळं झाल्यावरच घाला, आणि तेही स्टॅबिलायझर-ट्रान्सफॉर्मरच्या डब्यापासून नाही, अर्थिंगपासून. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, अर्थिंग मात्र जुन्या इमारतीत पैसे देऊनही मिळेल याची खात्री नाही. लायसन्सधारक वायरमनकडून संध्याकाळी, शेजारचे एसी चालू असताना, तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं २ व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. पाचाच्या वर गेलं तर न्यूट्रलचा सांधा ढिला आहे किंवा अर्थ नावापुरतंच आहे. आधी ते दुरुस्त करा.

त्यानंतर डीबीपासून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून) स्वतंत्र लाइन: वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप उडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचं सॉकेट. एमसीबी सी-कर्व्हचा घ्या, कारण ॲम्प्लिफायरमधला मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) चालू होताना क्षणभर जो प्रवाह ओढतो त्याने बी-कर्व्ह उडतो. वायर ४ चौरस मिमी टाकतात, पण १५ मीटरच्या अंतरात आणि २ अँपिअरच्या लोडवर २.५ च्या वायरमध्येही अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. खरा फायदा फ्रिज आणि इन्व्हर्टरपासून वेगळं होण्याचा आहे, जाडीचा नाही.

गुणगुण येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स केबल काढून बघा. ती बाहेरून दुसरं अर्थ घेऊन येते आणि दोन अर्थांमधून प्रवाह फिरण्याचा लूप तयार होतो. गुणगुण नसून चरचर असेल तर पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर लावला की तो त्रास संपतो. अर्थची पिन काढून गुणगुण घालवणारे महाभाग अजून भेटतात. ॲम्प्लिफायरच्या धातूच्या डब्यात वीज उतरली तर तीच पिन वाचवते, तिला हात लावायचा नाही.

वळिवाच्या विजांसाठी डीबीत टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवा. त्यातले व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज गिळणारे घटक) प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक झिजतात, तेव्हा त्याच्यावरच्या छोट्या खिडकीतला हिरवा रंग अधूनमधून बघायचा. लाल झाला की नवा. साध्या रिलेच्या स्टॅबिलायझरने आवाज सुधारत नाही, तो टकटक करत व्होल्टेजच्या पायऱ्या टाकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर टोरॉइड उघडच भुणभुणतो. घरात इन्व्हर्टर हवाच असेल तर प्युअर साइन वेव्ह.

एवढं करूनही पार्श्वभूमी शांत नसेल तेव्हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा (घरच्या वायरिंगपासून सिस्टिमची वीज वेगळी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) विचार करा. दोन चॅनेलच्या १०० वॅट क्लास एबी (नेहमीच्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरच्या) सिस्टिमला १ केव्हीए पुरतो. त्याच्या दुसऱ्या, सिस्टिमकडच्या बाजूचं न्यूट्रल-अर्थ बांधणं वायरमनकडूनच करून घ्या. तो व्होल्टेज स्थिर करत नाही, एवढं डोक्यात ठेवा. वजन दहा किलोच्या वर जातं आणि स्वतःही थोडा घुमतो, म्हणून रबरी पॅडवर, फोनो स्टेजपासून (रेकॉर्ड प्लेयरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्यापासून) किमान एक मीटर दूर ठेवायचा.