रूम स्प्रे बंद करून नऊ महिने झाले: काय टिकलं, काय फसलं

आमचं घर ठाणे पूर्वेला, कोपरीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसत नाही, पण ओहोटी लागली की नाकाला कळतं. तिवरांखालच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच चिखलावर फ्लेमिंगोंचं पोट भरतं, आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे म्हणून आम्ही पाहुण्यांपुढे मिरवतोही. माझं भांडण घरातल्या वासाशी होतं.

गेल्या जूनमध्ये बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दमा बळावला. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि वर बजावलं: फवारे, डासांची कॉइल, उदबत्ती, तिन्ही बंद. स्प्रेचे डबे मी त्याच दिवशी काढून टाकले. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. उदबत्तीचं प्रकरण आईंचं, त्यामुळे ते शेवटी सांगते.

स्प्रे बंद झाल्यावर आठ दिवसांत कळलं की आमच्या घराला वास आहे. कुबट. इतकी वर्षं त्यावर मोगरा मारत होतो, एवढंच. मग जो जे सांगेल ते करायचा सपाटा लावला. वाटीभर सोडा ठेवा, कोळसा ठेवा, लिंबात लवंगा टोचून ठेवा. लवंगांचं लिंबू जुलैत पाचव्या दिवशी हिरव्या बुरशीने भरलं, तो विषय तिथेच मिटला.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू वास घालवणारी नव्हतीच. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र, चारशेच्या आत मिळालं. जुलैत आमच्या आतल्या खोलीत आकडा ८८ दाखवायचा. 'हवा खेळती ठेवा, खिडक्या उघडा' असं सगळे सांगतात, मीही सकाळी उठून सगळ्या खिडक्या सताड उघडत होते. यंत्र आल्यावर कळलं की पाऊस पडत असताना खिडकी उघडली की आकडा खाली यायच्या ऐवजी वर जातो. बाहेरची हवा आतल्याहून ओली, ती येऊन काय वाळवणार? आता पावसाळ्यात उघडीप असेल तेव्हाच खिडक्या, एरवी पंखा चालू आणि कपाटांची दारं उघडी. रात्री एसी ड्राय मोडवर तासभर लावला की साठच्या घरात येतं. बिल वाढतं, पण स्प्रेचे पैसे वाचतातच की.

कपाटातल्या ओलीसाठी आधी जाडं मीठ ठेवून पाहिलं. हा सल्ला पंजाबात चालत असेल. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी धरून विरघळायला लागतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर आकडा त्याच्या खाली क्वचितच येतो. वाटी भरून वाहिली, खारं पाणी बिजागरीवर उतरलं आणि बिजागरी गंजली. ते दार अजून कुरकुरतं. मग ओल शोषणारे डबे आणले. त्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात, खाली पाणी साचतं. साड्यांच्या कपाटातला डबा ऐन पावसात तीन आठवड्यांत खुणेपर्यंत भरला. नैसर्गिक म्हणायचं की नाही हा वाद तुम्ही घाला, पण त्याला वास नाही आणि हवेत काही सोडत नाही. साचलेलं पाणी मात्र कातड्याच्या चपलांवर किंवा लोखंडावर सांडू देऊ नका, आणि पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

कोळसा आमच्या इस्त्रीवाल्याकडून घेतला. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त 'ताई, शेगडी घेतली का?' असं विचारलं. सुती फडक्यात बांधून चपलांच्या कपाटात ठेवला. फरक पडतो, पण थोडा. बाजारातल्या सक्रिय कोळशाला बारीक छिद्रं कितीतरी जास्त असतात, त्यामुळे तो जास्त वास धरतो. महिन्यातून एकदा उन्हात ठेवला की पुन्हा नवा होतो असं म्हणतात. उन्हाने त्यातली ओल उडते, धरलेला सगळा वास काही सुटत नाही. चपलाच उन्हात ठेवणं जास्त उपयोगी.

डांबराच्या गोळ्या ऑक्टोबरात काढल्या, कारण नणंद बाळंतपणाला येणार होती. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. ज्यांच्या अंगात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना धोका जास्त. गोळ्यांतल्या दुपट्यात बाळ गुंडाळायचं नाही, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. त्याऐवजी जांभळी नाक्यावरून वेखंडाच्या कांड्या आणल्या आणि कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून साड्यांच्या थरांमध्ये पसरला. वेखंडाचा वास मला आवडतो, आजीच्या पेटीचा वास आहे तो. चार महिन्यांत कसर लागलेली नाही, पण हिवाळ्यात ती कमीच असते, तेव्हा खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात.

आता बायोएन्झाइम, म्हणजे फळांची सालं आंबवून घरी केलेलं सफाईचं पाणी. १ भाग गूळ, ३ भाग लिंबाची-मोसंबीची सालं, १० भाग पाणी, तीन महिने. मी १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं आणि लिटरभर पाणी प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटलीत घातलं. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा असतो. गणपतीला पाच दिवस गावी गेलो आणि मी विसरले. परत आल्यावर बाटली फुगून गोल झालेली. झाकण फिरवलं तर निम्मं छतावर. आंबलेल्या सालींचा फवारा पंख्याच्या पात्यांवर बसला आणि दोन दिवस घरभर चिलटं. नोव्हेंबरात उरलेलं गाळलं. आतापर्यंतचं माझं मत: फरशी पुसायला अर्ध्या बादलीत दोन-तीन झाकणं पुरतात, वास हलका आंबटसर, दहा मिनिटांत जातो. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने होते त्याहून जास्त स्वच्छ होत नाही. बाथरूमच्या टाइल्सवरचे पाण्याचे पांढरे डाग मात्र छान निघतात, कारण ते आम्ल आहे.

आणि आम्ल आहे म्हणूनच कडाप्प्यावर अजिबात नको. ही अक्कल मला व्हिनेगरने शिकवली. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या फळ्या व्हिनेगरने पुसल्या, वाळल्यावर काळ्या दगडावर राखाडी ओघळ. कडाप्पा हा चुनखडीचा दगड, आम्ल त्याला खातं. कोट्याचं आणि संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला काही होत नाही. खोबरेल चोळून ओघळ झाकले, पण तिरक्या उजेडात दिसतातच. शिवाय सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसणारे व्हिडिओ पाहून भुलू नका. दोघं एकमेकांना संपवतात, वायू उडून जातो आणि मागे राहतं खारट पाणी.

व्हिनेगर खरं कामाला येतं माशांच्या भांड्यांना. माशाचा वास ज्या द्रव्याचा असतो ते अल्कधर्मी, आम्ल मिळालं की त्याचं उडणं थांबतं. म्हणजे आई बोंबलाच्या ताटांना चिंचेचा चोथा लावून ठेवायच्या, त्यात काही नवीन नाही. बाजारच्या दिवशी आता कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून लगेच खाली जातो. फ्रीजचं एका ओळीत: सोड्याच्या वाटीपेक्षा दाराचं रबर आणि मागचा पाण्याचा ट्रे धुवा.

दिवाळीची गोष्ट मात्र सविस्तर सांगते. आठ दिवस चिपळूणला होतो. परत येऊन दार उघडलं आणि मला पहिल्यांदा आमचं घर पाहुण्याच्या नाकाने कळलं. रोज राहणाऱ्याचं नाक सवयीने बंद होतं. कुबटपणा नव्हता, पण गटाराचा वास होता. ह्यांनी सगळे कोपरे हुंगले. शेवटी सापडलं: छोट्या बाथरूमची जाळी. पावसाळ्यात तिथे कपड्यांचा स्टँड लावल्यापासून ती मोरी कोणी वापरतच नव्हतं. जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो त्यात सतत पाणी साचलेलं असतं आणि तेच पाणी खालच्या पाइपातला वायू अडवतं. पाणी आटलं की दार उघडं. मी एक तांब्या पाणी ओतलं. अर्ध्या तासाने वास संपला. पाच महिने सोडा, कोळसा, सालं करत बसले होते, आणि उत्तर एक तांब्या पाणी! आता दर रविवारी ओततो. गावी जाताना वर चमचाभर तेलही घालतो, तवंगाने पाणी हळू आटतं.

उदबत्ती. आईंचं म्हणणं, 'अगं, धूप म्हणजे झाडाचा डिंक, त्यात कसलं विष?' डिंक झाडाचा असला तरी धूर तो धूरच, बाबांच्या छातीला फरक कळत नाही. कापूर जाळून पाहू म्हणाल्या, तर त्यानेही बाबांना खोकला. बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो, आणि एखादं पोर चघळलं तर झटके येऊ शकतात, म्हणून देवघरातली डबी आता वरच्या फळीवर. तोडगा असा निघाला: देवाला तुपाचं निरांजन आणि ताजी फुलं रोज, धूप फक्त सणाला, तोही गॅलरीत, मधलं दार लावून. आई महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलल्या. पण डिसेंबरात बाबांचा पंप आठवड्यातून एकदाच लागला, तेव्हा आईंनीच मला वाळ्याची जुडी आणून दिली, माठात घालायला.

एक गोष्ट जमलेली नाही. आतल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पाणी मुरतं, पोपडे निघतात, बुरशी पुसली की दोन आठवड्यांत परत. तिथे डबाही हरला, सालंही हरली. सोसायटी मे महिन्यात बाहेरून प्लास्टर करणार आहे. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंय.