मायक्रोब्लेडिंगला (म्हणजे भुवईच्या जागी कातडीत रंग भरून केसासारख्या रेघांचा टॅटू) तेरा महिने झाले, त्याआधी मेंदी, लॅमिनेशन सगळं करून बसलेय, तर माझा अनुभव

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. वय ४३, थायरॉइडची गोळी नऊ वर्षांपासून चालू, चेहरा इतका तेलकट की सकाळी अकरालाच कपाळावर पापड तळून निघेल. भुवयांचा पुढचा अर्धा भाग ठीकठाक आहे पण शेपटीकडचा, म्हणजे कानाकडे जाणारा भाग जवळजवळ नाहीच. थोडा थायरॉइडने नेला, थायरॉइड कमी असलं की भुवईचा बाहेरचा हिस्सा विरळ होतो असं डॉक्टरच म्हणाले, आणि बाकीचा मी स्वतः घालवला. आम्ही कॉलेजला होतो तेव्हा, २००० च्या आसपास, दोऱ्याएवढ्या बारीक आयब्रोची फॅशन होती आणि दर पंधरा दिवसांनी इथे नाशिकच्या कॉलेज रोडला जाऊन तेवढ्याच बारीक करून आणायचो. वर्षानुवर्षं उपटलेले केस मग एकदा रुसले की रुसले, कांद्याचा रस लावा नाहीतर एरंडेल लावा.

मग रोज सकाळी पेन्सिल. इंदिरानगरहून सातपूरला स्कूटीवर ऑफिस, तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, पोचेपर्यंत डाव्या भुवईची शेपटी स्कार्फला लागलेली. मार्च महिन्यात तर विचारूच नका. एकदा मीटिंगमध्ये शेजारचीने हळूच टिश्यू पुढे केला आणि म्हणाली, मॅडम एकच उरलीय.

तर पहिला प्रयोग मेंदीचा. ब्रो हेना म्हणून पार्लरमध्ये करतात, ५०० रुपये घेतले, अर्धा तास लावून पुसली की खालच्या कातडीवरही रंग बसतो त्यामुळे केस नसले तरी भुवई दिसते, आणि खरं सांगते पहिल्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटलं ना की चार सेल्फी काढले. कातडीवरचा रंग आठवडाभर टिकतो, तेलकट चेहऱ्याला त्याच्याही आधी जातो, केसांवरचा महिनाभर राहतो. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी दुसऱ्या पार्लरला गेले (नाव घेत नाही), तिथे तिने अगदी काळीकुट्ट मेंदी लावली, रात्री खाज सुटली आणि सकाळी उठले तर दोन्ही पापण्या सुजून डोळे म्हणजे फक्त फटी. स्किनच्या डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मेंदी काळी होती का? साधी मेंदी कधी काळी नसते, ती केशरी-तांबूसच रंगते, काळी आहे म्हणजे त्यात पीपीडी असणार, तेच जे हेअर डायमध्ये असतं. एकदा त्याची अ‍ॅलर्जी झाली की सहसा कायमची, त्यामुळे आता काळा हेअर डायही बंद आणि ब्रो टिंट, म्हणजे भुवया रंगवायचा डाय, तोही बंद, कारण टिंटमध्येसुद्धा बऱ्याचदा हेच किंवा याचं भावंड असतं. त्या पार्लरवालीने कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायला सांगितलं असतं तर हे सगळं टळलं असतं. पॅच टेस्ट म्हटलं की आपल्यालाच घाई असते हेही खरं, मीही विचारलं नव्हतं.

दुसरा प्रयोग लॅमिनेशन. टिंट न घालता, नुसतं. १८०० रुपये. हे म्हणजे हेअर स्ट्रेटनिंगचंच धाकटं भावंड समजा, पहिल्या क्रीमने केसाच्या आतले बंध सैल होतात, मग केस ब्रशने वर चापून बसवायचा, दुसऱ्या क्रीमने तो तिथेच पक्का होतो. चोवीस तास पाणी लावायचं नाही, वाफ नाही, बस. टिकतं सहा आठवडे. आता गंमत अशी की माझ्या पुढच्या भागाला ते मस्त बसलं, केस उभे, दाट, एकदम फुललेले, आणि मागे शेपटीला बसवायला केसच नाहीत तर बसवणार काय? त्यामुळे मी समोरून साळिंदर आणि बाजूने सपाट. तरीही सुख लागलं म्हणून पाचव्याच आठवड्यात परत केलं. चूक. केस वाळलेल्या गवतासारखे झाले, टोकं वळली, मधले काही तुटलेसुद्धा. दोन वेळांत नीट अंतर ठेवायला हवं हे पार्लरवालीही म्हणाली, पण करून झाल्यावर.

माझ्या जावेला मात्र हेच लॅमिनेशन इतकं शोभतं की विचारू नका. तिच्या भुवया भरपूर आहेत, फक्त खाली पडतात. तिला टॅटू कशाला हवा? सगळ्या मैत्रिणी मला विचारतात, टॅटू बरा की लॅमिनेशन बरं, आणि मी म्हणते आधी मेकअप पुसून खिडकीत उभी राहा आणि बघ केस आहेत की नाहीत. असलेल्या केसांना वळण लावायचं असेल तर लॅमिनेशन, केसच नसतील तर ते पैसे गेले गोदेत.

तर शेवटी मार्च २०२५ ला मायक्रोब्लेडिंग. गंगापूर रोडच्या एका स्टुडिओत, १२,००० रुपये, सहा आठवड्यांनी होणारा टचअप त्यातच धरून. मी तीन ठिकाणी विचारलं होतं, एक ६,००० ला करायला तयार होती पण तिने दाखवलेले सगळे फोटो केल्या केल्या काढलेले, एकही बरा झाल्यानंतरचा नाही. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं हो, वर्षानंतरचं दाखवा. जिच्याकडे केलं तिने बसवून वीस प्रश्न विचारले, शुगर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, जखमेचा वण फुगतो का, पिंपल्सच्या गोळ्या घेतल्या का, दिवस गेलेत का. पीपीडीचं सांगितल्यावर तिने रंगाच्या बाटलीवरचं सगळं वाचून दाखवलं, कानामागे टेस्ट केली आणि आठ दिवसांनी बोलावलं. तिथेच माझा जीव बसला.

त्या दिवशी दोन तासांतला एक तास नुसत्या मापातच गेला. गवंडी कसा दोरा मारतो तसा रंगात बुडवलेला दोरा ताणून कपाळावर रेघा, नाकपुडीच्या सरळ वर भुवई सुरू, आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाणारी रेघ जिथे पोचते तिथे शेवट. मी हट्टाने उठून बसले आणि आरशात बघितलं, कारण झोपल्यावर गाल-कपाळ सगळं मागे सरकतं. बसल्यावर कळलं की बोलताना माझी उजवी भुवई वर जाते आणि तिथे ती दोन केसभर खाली घ्यायला हवी. तिने पुसून परत काढलं. सुईच्या पट्टीचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. बधिर करायचं क्रीम अर्धा तास, मग ते पेनासारखं हत्यार. त्याला ब्लेड म्हणतात पण असतात बारीक सुयांची रांग. दुखलं थोडंच, आवाजाने जास्त छळलं, कच्च्या पापडावर नखाने ओरखडा ओढावा तसा कर्र कर्र, आणि तो डोक्याच्या आतून ऐकू येतो.

आता पुढचे दहा दिवस. हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितेय. पहिल्या दिवशी छान. तिसऱ्या दिवशी इतक्या गडद आणि रुंद की सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, बोहाड्यात सोंग घेतलंयस का कुठलं?" त्या पेठकडच्या, तिकडे बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, त्यांना सोंगं माहीत. पोरगं म्हणालं, मम्मी तू रागावलीयेस का? दिवसभर हेच विचारत होता. पाचव्या दिवसापासून खपल्या, कोंड्यासारख्या, आणि खाज अशी की रात्री हात उशीखाली दाबून झोपले. खपली ओढली की तिच्याबरोबर रंगही जातो. मी ओढली नाही, पण सहाव्या दिवशी ऑफिसला स्कूटीवर गेले आणि सवयीने स्कार्फ कपाळावरून बांधला, वर हेल्मेट. पोचून स्कार्फ सोडला तर डाव्या शेपटीची खपली स्कार्फलाच. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी जागा पांढरी राहिली ती टचअपपर्यंत तशीच. त्या आठवड्यात रिक्षाने जा, रजा टाका, काहीही करा पण स्कार्फ-हेल्मेट नको.

दहाव्या दिवशी नेमकी रंगपंचमी. माझं माहेर जुन्या नाशकात तिवंधा चौकाजवळ, रहाड अगदी घरासमोर म्हणा, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, जमिनीतला पेशवेकाळापासूनचा तो हौद, रंगाच्या पाण्याने भरतात आणि त्यात वरून धप्पा मारतात, काठावर उभं राहणाराही कोरडा सुटत नाही. जन्मापासून चुकवली नव्हती. त्या वर्षी गच्चीवरून बघितली. आणि वरून सगळ्या खपल्या पडून भुवया एकदम फिक्या, जवळजवळ गायबच, मी स्टुडिओत फोन करून रडायची बाकी होते की बारा हजार गेले. ती शांतपणे म्हणाली, ताई, तीन आठवडे आरसा कमी बघा. आणि खरंच, वरची नवी कातडी निवळली की रंग परत दिसायला लागतो. चौथ्या आठवड्यात ज्या दिसल्या त्या माझ्या खऱ्या.

मग सात-आठ महिने सुखाचे. सकाळची दहा मिनिटं वाचली, पोहायला गेले, सप्तशृंगी गडावर पायऱ्या चढून घामाघूम झाले, शेपटी जागेवर.

आता तक्रारी. एक, तेलकट चेहरा. केसासारख्या बारीक रेघा मारतात ना, त्या माझ्या कातडीत सहा महिन्यांत फुटून एकमेकीत मिसळल्या. आता जवळून बघितलं तर केस दिसत नाहीत, पेन्सिलने भरल्यासारखं दिसतं. तेलकट चेहऱ्याला रेघांपेक्षा मशीनने ठिपके भरून करतात ते पावडर ब्रो जास्त नीट टिकतं, हे तिने तेव्हाही सुचवलं होतं, मीच फोटो बघून रेघांवर अडून बसले. दोन, रंग. घरातल्या ट्यूबलाइटला काही कळत नाही पण दुपारी सिग्नलला थांबलं की स्कूटीच्या आरशात पुढचा भाग तांबूस दिसतो, विटेसारखा. तपकिरी रंगातले बाकीचे रंग आधी उडतात आणि लोखंडाचा तांबडा मागे राहतो, त्यात आपलं ऊन. सनस्क्रीन भुवईवरही लावायचं असतं हे मला पाचव्या महिन्यात कळलं, आणि रेटिनॉलचं क्रीम मी कपाळभर फासत होते त्यानेही रंग लवकर उडाला.

तीन, पांढरे केस. हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! रंग कातडीत, केस त्याच्या वर, आणि केस पिकायचे ते पिकतातच, मग गडद भुवईवर दोन पांढरे केस असे चमकतात की समोरचा तिथेच बघत बोलतो. रंगवता येत नाहीत पीपीडीमुळे. छोट्या कात्रीने कापते. आणि थ्रेडिंग काही सुटत नाही, खालचे केस येतातच, फक्त आता आमच्या पार्लरच्या ताईंना दरवेळी सांगावं लागतं की रंगाच्या रेघेच्या आत दोरा घालू नका.

अजून एक. ऑफिसात रक्तदान शिबिर होतं, मी दरवर्षी देते. फॉर्मवर टॅटूचा प्रश्न, मी हो लिहिलं आणि डॉक्टरांनी परत पाठवलं, टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही. मी म्हटलं अहो भुवया आहेत, ते म्हणाले सुई ती सुईच. बरोबरच आहे, पण आधी कोणी सांगितलं असतं तर शिबिर झाल्यावर केलं असतं. पाठीचा एमआरआय झाला तेव्हाही सांगितलं, कारण रंगात लोखंड असतं आणि क्वचित तिथे गरम लागतं म्हणे. मला काही झालं नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

आणि न आवडलं तर लेसर करून काढू असं कोणी म्हणत असेल तर त्यावर जाऊ नका. यातले काही रंग लेसरने आधी आणखी काळे पडतात, आणि बैठका परत चार-सहा. लॅमिनेशन बिघडलं तर दोन महिने तोंड लपवायचं, हे बिघडलं तर वर्ष-दोन वर्षं. म्हणून लग्नाच्या तोंडावर कोणी हे पहिल्यांदा करू नये, किमान दोन महिने आधी, आणि त्याआधी हवा तो आकार पेन्सिलने काढून पंधरा दिवस तसंच फिरून बघा, घरच्यांना सांगू नका. कोणी काही बोललं नाही तर आकार बरोबर आहे.

परत करीन का? शेपटीचं हो, डोळे झाकून. पुढच्या भागाचं नाही, तिथे माझे केस होतेच, उगाच सगळी भुवई करून घेतली. मे महिन्यात टचअप आहे, ४,००० सांगितलेत, तिला आत्ताच बोलून ठेवलंय की फक्त शेपटी आणि फक्त पावडर, पुढचा तांबूस आपोआप उडू दे. यंदाच्या रंगपंचमीला रहाडीच्या काठावर दोन तास भिजले, घरी येऊन तीनदा साबण लावला, कानातला रंग चार दिवस निघाला नाही. भुवया होत्या तिथेच होत्या, पुढे जरा विटकरी. तेवढ्यापुरती जुनी पेन्सिल पर्समध्ये अजून आहे.