विक्रमी हिमवर्षाव आणि एका मराठी बातमी-ॲपची वर्गणी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात राहून मराठी बातम्या वाचणाऱ्याने या ॲपची वर्गणी भरावी का, हे मी त्याच्या हिमवर्षावाच्या बातम्यांवरून ठरवायचे म्हटले. (नाव लिहीत नाही; ज्यांच्याकडे आहे ते ओळखतील.) आपल्याकडे बर्फ रसवंतीत आणि मासळीबाजारातच दिसतो, त्यामुळे या विषयात वाचकाची सारी भिस्त बातमी देणाऱ्यावर असते.

परदेशात कोठे विक्रमी बर्फ पडला की ॲप आधी गाडल्या गेलेल्या मोटारींची छायाचित्रे दाखवते आणि मग ‘तापमानवाढ गेली कुठे?’ या मथळ्याखाली दोन पाहुण्यांची चर्चा घडवून आणते. शास्त्रज्ञ आणि शंका घेणारा यांना सारखाच वेळ मिळतो. बर्फ इतका का पडला, हे मात्र सूत्रसंचालक कोणालाच विचारत नाहीत. हा वाद नवा नाही. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकी सिनेटर जेम्स इनहोफ यांनी बर्फाचा गोळा सभागृहात आणून २०१४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरल्याच्या दाव्याची खिल्ली उडवली होती. त्याच हिवाळ्यात बॉस्टनमध्ये सुमारे २८० सेंटिमीटर, म्हणजे तोवरच्या नोंदींतील सर्वाधिक बर्फ पडला. एका शहराचा हिवाळा आणि साऱ्या पृथ्वीची वार्षिक सरासरी यांतला फरक तेव्हाही चर्चेत हरवला आणि या ॲपवर आजही हरवतो.

वर्गणीचे पैसे वसूल होतात ते विज्ञान विभागात. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जेथे पारा शून्याखाली राहतो तेथे एखादे वादळ पूर्वीपेक्षा जास्त बर्फ टाकू शकते, हे तेथील टिपणात नेमके सांगितले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला सुमारे २ मीटर बर्फ पडला, तो न गोठलेल्या ईरी सरोवरावरून थंड वारे बाष्प उचलत वाहिल्यामुळे. प्रत्येक वादळाचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही आणि उत्तर गोलार्धातील वसंत ऋतूतले हिमाच्छादन १९५० पासून घटत आहे, या दोन्ही गोष्टी टिपणकाराने टाळलेल्या नाहीत. असे लेखन तळाशी आणि मोटारींची छायाचित्रे माथ्यावर, ही मांडणी संपादकांची आहे.

सीमाभागातल्या वाचकाची तक्रार आणखी वेगळी. जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव नाहीच, म्हणून आम्ही कोल्हापूर निवडतो. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना तत्काळ येते आणि चिकोडीकडच्या कृष्णाकाठाला ती उपयोगीही पडते. पण कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा फुगली तर ॲप गप्प असते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोकाक आणि रामदुर्गमध्ये पाणी शिरल्याचे ज्यांना आठवते, त्यांना बाष्पाचा हा हिशेब केवळ बॉस्टनपुरता नाही हे वेगळे सांगायला नको. घाटमाथ्यावरचा पाऊसही त्याच हवेतून पडतो.

मी वार्षिक वर्गणी बंद करून मासिक घेतली आहे. यादीत बेळगावचे नाव आले, तर पुन्हा वार्षिक भरेन.