बालपुस्तके, पालकत्व आणि कर्तृत्ववान स्त्रिया : एका मुक्त लेखिकेच्या लेखनसेवेविषयी

पालकांसाठी नियतकालिक चालवणाऱ्यांना बालपुस्तकांची परीक्षणे, पालकत्वावरचे लेख आणि कर्तृत्ववान स्त्रियांची मुलांसाठी लिहिलेली छोटी चरित्रे एकाच हातून मिळाली तर मोठीच सोय होते. परंतु तिन्ही विषय सारख्या ताकदीने हाताळणारी व्यक्ती क्वचितच भेटते. आम्ही ज्या मुक्त लेखिकेकडून हे लेखन करून घेतले, त्यांचे खरे बळ चरित्रलेखनात आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्या रोझा पार्क्स यांच्यावरील त्यांचा लेख मला विशेष आवडला. दिवसभराच्या कामाने दमलेली एक वयस्क शिंपीण गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही, ही गोष्ट मुलांना इतक्यांदा सांगितली गेली आहे की बरेच जण तीच पुन्हा लिहून मोकळे होतात. या लेखातून मात्र कळते की १ डिसेंबर १९५५ रोजी पार्क्स अवघ्या ४२ वर्षांच्या होत्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शहरातील शाखेच्या चिटणीसपदी त्यांची निवड १९४३ मध्येच झाली होती, आणि त्यांच्या अटकेनंतर सुरू झालेला बसवरील बहिष्कार ३८१ दिवस टिकला, कारण हजारो माणसे रोज पायी कामावर गेली. तो नकार वर्षानुवर्षांच्या कामातून आला होता, हे मुलांना एकही उपदेशपर वाक्य न वाचता समजते. मेरी क्युरींच्या चरित्रातही १९०३ आणि १९११ च्या नोबेल पुरस्कारांपेक्षा रेडियम मिळवण्यासाठी गळक्या शेडमध्ये खनिज उकळत ढवळण्याच्या कष्टांना अधिक जागा दिली आहे, आणि किरणोत्साराने त्यांच्या प्रकृतीवर केलेला परिणामही लपवलेला नाही. मुलांना सत्य पेलत नाही, असे मानणाऱ्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

पुस्तक परीक्षणेही वाचनीय असतात. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, आणि उत्कंठा कुठे ताणायची व पान कुठे उलटायला लावायचे यावर त्यातली निम्मी गंमत अवलंबून असते. या लेखिका पुस्तक मोठ्याने वाचून पाहतात आणि शब्दांनी न सांगितलेले चित्राने काय सांगितले, ते नेमके टिपतात. परीक्षणासाठी प्रकाशकाकडून पुस्तक विनामूल्य मिळाले असेल तर तसे स्पष्ट नमूद करतात, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पालकत्वावरील लेखांबाबत मात्र माझे समाधान झाले नाही. मुलांच्या मोबाइल-टीव्हीच्या पडद्यापुढील वेळेवरच्या लेखात जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस अचूक दिली होती : दोन वर्षांखालील बाळांना पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. पण घरात दुसरे कोणी नसताना स्वयंपाक करता करता मूल सांभाळणाऱ्या आईने त्या वेळात मुलाला पडद्याविना कसे गुंतवावे, याचे उत्तर लेखात कुठेच नव्हते. ते विचारल्यावर सुधारित मसुदा आला. त्यात भांडी-डबे हाताळू देणे आणि काम करता करता गोष्ट सांगणे अशा साध्या सूचना होत्या, आणि तो निश्चितच उजवा होता.

ज्या संपादकांना चरित्रे किंवा परीक्षणे हवी आहेत, त्यांनी निःशंकपणे हे काम या लेखिकेकडे सोपवावे. पालकत्वावरचा लेख मागवताना मात्र वाचकांच्या खऱ्या अडचणी आधीच लिहून द्याव्यात, आणि मानधनात एका फेरलेखनाचा समावेश आहे का, हेही काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.