कामांचा अहवाल की विचारांचं पत्रक: नगरसेवक निवडताना काय बघावं

महापालिकेचं मतदान जवळ आलं की घरोघरी दोन तऱ्हेची पत्रकं येतात. एकात गुळगुळीत कागदावर कामांची यादी असते: ड्रेनेज लाइन बदलली, पेव्हिंग ब्लॉक बसवले, विरंगुळा केंद्र उभारलं, नेत्रतपासणी शिबिर घेतलं. दुसऱ्यात उमेदवार स्वतःची ओळख विचारांनी करून देतो: संविधान, समता, पाण्याचं समान वाटप, पारदर्शक कारभार. बहुतेक घरांत पहिल्या पत्रकावरच निकाल लागतो. मला तो अर्धा निर्णय वाटतो. पुण्याचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण तिथे बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असल्याने ही तुलना मतदाराच्या थेट कामी येते.

आधी कामांचा अहवाल. असा उमेदवार फोन उचलतो. क्षेत्रीय कार्यालयात कुणाला गाठायचं हे त्याला ठाऊक असतं. चेंबर तुंबून घाण पाणी दारात आलेल्या वस्तीला समतेवरचं भाषण नको असतं, जेटिंगची गाडी हवी असते. या कामाला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. पण अहवाल वाचताना दोन गोष्टी तपासा. पहिली, पैसा कुठला? पुण्यात अंदाजपत्रकातल्या ‘स’ यादीतून प्रभागातली कामं होतात. ती महापालिकेची, म्हणजे तुमच्या मिळकतकराची रक्कम असते. बाकड्यावर नाव कुणाचंही असलं तरी बाकडं तुमचंच आहे. दुसरी, तारीख. 2017 साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं तिथे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळातलं काम कुणी ‘माझ्या निधीतून’ म्हणून छापलं असेल, तर तो निधी आला कुठून हे विचारायलाच हवं. पाठपुरावा केला असेल तर तेही काम आहे, फक्त अर्जाची पोच दाखवता आली पाहिजे.

आता विचारांचं पत्रक. नगरसेवक प्रभागात जितका असतो, तितकाच तो मुख्य सभेत असतो किंवा असायला हवा. करवाढ होणार की नाही, विकास आराखड्यातलं शाळेचं आरक्षण राहणार की उठणार, वर्षाच्या शेवटी वर्गीकरणाचे प्रस्ताव आणून कुठल्या कामाचा पैसा कुठे वळवला जाणार, हे तिथे ठरतं. सोळा जणांच्या स्थायी समितीत निविदा मंजूर होतात. तिथे हात वर करताना माणसाचे विचारच कामी येतात.

अडचण अशी की छापील विचार सगळ्यांचे सारखेच असतात. ‘सर्वांगीण विकास’ कुणाला नको असतो? एखादी भूमिका घेतल्यावर कुणीतरी नाराज होणार असेल, तरच तिला भूमिका म्हणावं. पदपथावरच्या फेरीवाल्यांचं काय करणार, पाण्याला मीटर हवेत का, रस्तारुंदीत जुनी झाडं जाणार असतील तर कुणाच्या बाजूने उभे राहणार, असं विचारून बघा. शिवाय पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, 1986 पासून तसा कायदाच आहे. त्यामुळे पक्षाच्या उमेदवाराचे विचार पक्षाच्या धोरणाशेजारी ठेवूनच वाचावेत. अपक्षाला हे बंधन नसतं, पण सभागृहात तो एकटा पडतो.

एकट्या पडलेल्या मताचं मोल काय असतं, हे पुण्याला महात्मा फुल्यांनी दाखवून दिलं आहे. 1876 पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध नोंदवला. मंडईची मोठी इमारत बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई झालीच, आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. त्यांचे विचार सभेच्या नोंदीत सापडतात, आणि आजच्या उमेदवाराचे विचारही मला तिथेच शोधावेसे वाटतात. माजी नगरसेवक असेल तर सभेत कोणते लेखी प्रश्न विचारले, कुठल्या प्रस्तावाला विरोध केला, हे बिनदिक्कत विचारा. नवखा असेल तर त्याने आतापर्यंत कुठल्या हरकती-सूचना दाखल केल्या, ते बघा.

मग मत कुणाला? चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेगळी मतं असतात. ‘पूर्ण पॅनेल निवडून द्या’ हा पक्षांचा आग्रह असतो, मतदाराला तशी सक्ती नाही. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथे ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’, हा पर्याय आहे. मी दोन मतं हाताशी असणाऱ्या, कामाच्या माणसांना देईन आणि निदान एक मत सभागृहात अभ्यास करून बोलणाऱ्याला. चौथं मत त्या जागेचे उमेदवार बघून.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. काही पत्रकांवर उमेदवार बाईंपेक्षा त्यांच्या यजमानांचा फोटो मोठा असतो. अशा वेळी कोपरा सभेत प्रश्न ताईंनाच विचारा आणि उत्तरही त्यांच्याचकडून घ्या. संधी मिळाली की नेमकं बोलणाऱ्या कितीतरी जणी आहेत.

मुंबईत 227 प्रभागांत प्रत्येकी एकच नगरसेवक असतो, त्यामुळे मतांची अशी वाटणी करता येत नाही. तिथे प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था नगरसेवकांची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न यांवरून प्रगतिपुस्तक काढत आली आहे. त्यात प्रश्नांच्या संख्येबरोबर विषयही वाचा, कारण रस्त्यांच्या आणि चौकांच्या नामकरणाचे प्रश्नही संख्येत धरले जातात. एकच मत असताना मी पाणी, शाळा आणि दवाखान्यांवर प्रश्न विचारणाऱ्याकडे झुकेन, त्याच्या पत्रकावर बाकडी कमी दिसली तरी.