लूज पावडर फाउंडेशनसाठी काबुकी ब्रश: घेताना काय पाहावं

लूज पावडर फाउंडेशनला आखूड दांड्याचा, दाट केसांचा काबुकी ब्रशच हवा. लांब केसांचा फुगीर ब्रश सेटिंग पावडरपुरता (मेकअप टिकावा म्हणून वरून लावायची पावडर) ठीक. त्याने फाउंडेशन हवेतच जास्त उडतं.

ब्रश तळहातावर दाबून बघा. केस लगेच आडवे पडले तर तो विरळ आहे. मग बोटांनी हलकेच ओढा; केस सुटून हातात येत असतील तर नकोच. सपाट माथ्याने कव्हरेज जास्त मिळतं, म्हणजे त्वचा जास्त झाकली जाते, पण गोल माथा नाकाच्या कडेला आणि डोळ्यांखाली नीट पोचतो. एकच घ्यायचा तर गोल घ्या, तोही सिंथेटिक केसांचा: धुवायला सोपा, वाळतोही लवकर.

झाकणात चिमूटभर पावडर घ्या, ब्रश गोल फिरवून ती केसांत मुरवा आणि जादाची कडेवर टिचकी मारून झटका. मॉइश्चरायझर ओलं असताना फाउंडेशन लावलं की हमखास डाग पडतात, म्हणून पाच मिनिटं थांबाच.

आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुऊन ब्रश आडवा वाळवा. ओला ब्रश उभा ठेवला तर पाणी केसांच्या मुळाशी उतरतं, तिथला गोंद सैल होतो आणि चांगला ब्रशही केस गाळू लागतो.