कोटिंग केलेली तयार प्लेट: पेशी छान बसतात, ओरखडा मात्र जपून

पॉलीलायसिन (पेशी चिकटाव्यात म्हणून द्यायचा लेप) लावलेल्या २४ वेलच्या, म्हणजे २४ खळग्यांच्या, तयार प्लेट मी पेशी वाढवायला आठ महिने वापरतेय. त्याआधी कोटिंग हातानेच करायचे, आणि धुण्यात घाई झाली की फजिती ठरलेली. पृष्ठभागाला न चिकटलेलं पॉलीलायसिन पेशींना विषारी असतं. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघावं तर सगळ्या गोल होऊन तरंगतायत, पंधरवड्याचं काम सिंकमध्ये! तयार प्लेटवर हे एकदाही झालं नाही.

माझ्या पेशी म्हणजे ओईसी, ऑलफॅक्टरी एनशीदिंग सेल. वास ओळखणारे न्यूरॉन आयुष्यभर मरतात, नवे येतात, आणि नव्यांचे तंतू नाकातून थेट मेंदूत शिरतात. ते ज्यांचं बोट धरून शिरतात त्या या पेशी. म्हणून मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करणाऱ्यांना त्यांचं एवढं अप्रूप. पण रॅटच्या ऑलफॅक्टरी बल्बच्या (मेंदूतला वासाचा भाग) पेशी सुट्या केल्या की ओईसीपेक्षा इतरांचीच गर्दी. ती पांगवायची आमची रीत अशी: १८ तास साध्या, कोटिंग नसलेल्या फ्लास्कमध्ये, तिथे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) खाली चिकटतात. वरचं मीडियम, म्हणजे पेशी तरंगणारं पोषक द्रव, दुसऱ्या साध्या फ्लास्कमध्ये ३६ तास, तिथे बरेचसे अॅस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधारपेशी) अडकतात. मग जे तरंगत उरतं तेच कोटेड प्लेटवर. आमच्या एका नव्या विद्यार्थ्याने ‘चांगली प्लेट आहे’ म्हणून पहिल्याच पायरीला ही वापरली. झाडून सगळे चिकटले! आठवड्याने फायब्रोब्लास्टची सतरंजी अंथरलेली. यात प्लेटचा काय दोष?

दोष आहे तो एका लॉटमध्ये. त्यातल्या कडेच्या वेलमध्ये पेशी काठाला पुंजक्यांनी बसल्या, बाकी जागा उघडी. (प्लेट गोल फिरवली की पेशी मधोमध गोळा होतात, तो दोष आपला. काठाचा नाही.) फोटो आणि लॉट नंबर पाठवल्यावर कंपनीने प्लेट बदलून दिल्या, पण तीन ईमेल गेल्यावर. बाकी लॉटमध्ये तिसऱ्या दिवशी चात्यांसारख्या निमुळत्या, लांब शेपट्यांच्या पेशी एकमेकींना समांतर पडलेल्या दिसतात. पी७५ या ओईसीवरच्या प्रथिनाच्या अँटिबॉडीने रंगवल्यावर त्यांच्या कडा इतक्या स्वच्छ येतात की मोजायला कंटाळा येत नाही.

खरी अडचण जखमेच्या प्रयोगात, म्हणजे पेशींच्या थरात फट पाडून त्या ती कशा भरतात ते बघताना. पिपेटच्या टोकाने ओरखडा काढला की पेशींबरोबर कोटिंगही खरवडलं जातं. मग ओईसी फटीच्या काठाशी घुटमळतात, आणि त्या मुळात संथ आहेत की पायाखालची जमीन गेली म्हणून थांबल्यात, हे कळत नाही. हाताने केलेल्या कोटिंगलाही हे होतंच, पण तिथे ते ओरखड्याला चालेल असं कोणी छातीठोक सांगत नाही. इथे पाकिटावर मात्र ‘ओरखडा चाचणीसाठी उत्तम’ असं छापलंय. त्याचा अर्धा तारा कापला, ईमेलचा एक. पाचपैकी साडेतीन.

सध्या मी सिलिकॉनचा अडसर आधी ठेवून पेशी भरल्यावर उचलते. कोटिंग शाबूत राहतं. फक्त मग जखम होत नाही, नुसती मोकळी जागा उरते.